दूध प्यालेली बुट्टी

“मल्लाप्पाच्या घरची धामण घरघरतीया म्हणं. मी सांगते, आता ती चार दिवसांत—”

शेजारच्या राजाबाईंचं वाक्य इथंच तुटलं. माग थांबवून मल्लाप्पा दारात आला होता. ज्याच्या घराबद्दल बोलायचं तोच समोर उभा राहिला, की माणूस पदर सारखा करून “पाऊस लई हाय न्हाय?” असं विचारतं. उरलेलं वाक्य मग शहापूरच्या आमच्या गल्लीनं आपापल्या परीनं पुरं केलं. कुणी म्हणालं मरणार, कुणी म्हणालं घरालाच रोग लावणार.

मी बुट्टी बोलतेय, झाकणाची बांबूची टोपली. ती धामण जिच्यात कोंडलेली होती, तीच मी. मला कुणी विचारलं असतं तर मी खरं काय ते सांगितलं असतं. पण बुट्टीच्या पोटात हात घालतात, तिला विचारत कुणी नाही.

माझं माहेर गुंजीचं. तिथल्या रानातला बांबू, आणि मला विणणारी यल्लव्वा नावाची बुरडीण. विणता विणता ती शेजारणीशी भांडत होती, म्हणून माझी वीण दाट बसली असावी. झाकण तर असं घट्ट, की उघडताना कुरकुरतं. आत मात्र बांबूची एक चिवाटी मोडून तशीच टोकदार राहिली. खडेबाजारात अंजनीनं मला उचललं, आत हात फिरवला आणि म्हणाली, “टोचतीया जरा. पण कांड्या ठेवायला बरी हाय.”

अंजनी मल्लाप्पाची बायको. तो विणायचा, ती त्याच्यासाठी कांड्यांवर सूत भरायची. सुताला भाताची खळ लावतात, आणि त्या खळीच्या वासानं उंदीर येतात. पूर्वी चार धागे कुरतडले तर कुणी बोलत नसे. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, सूत रेशनवर मिळू लागलं, आणि घरात उंदीर दिसला की अंजनीचे डोळे भरून यायला लागले. सूत नाही तर माग नाही, आणि माग नाही तर चूल नाही.

मग मल्लाप्पानं वडगावच्या भातशेतातून एक धामण धरून आणली. कांड्या गेल्या टोपल्यात, आणि धामण आली माझ्यात.

दिवसभर ती माझ्या पोटात. दिवेलागण झाली की झाकण उघडून तिला माळ्यावर सोडायचं, पोट भरलं की पुन्हा आत. उंदीर गेले. पण सुरुवातीला ती माझी एकेक फट नाकानं तपासायची. भातातला वारा कुठून येतो ते शोधायची. मी मुद्दाम दाट नव्हते गं बाई, मला विणलंच तसं होतं. मीही रानातच वाढलेली. कोंडणारी आणि कोंडलेली, दोघी एकाच कोपऱ्यात अडकलो होतो.

यंदाच्या पंचमीला माग बंद होते. बायकांनी मातीचा नाग पुजला, आणि राजाबाईंना सुचलं, “अगं, जिवंत नागोबा घरात असताना मातीच्याला कशाला दूध? चला अंजनीकडं!”

“आक्का, ती धामण हाय,” अंजनी म्हणाली.

“असूदे. भाऊबंदच की त्याची!”

झाकण उघडायची भीती. म्हणून एकेकीनं झाकणाच्या फटीतून वाटी रिकामी केली. दूध धामणीच्या डोक्यावरून, नाकावरून ओघळलं. तिनं फूत्कार टाकला तर बायका हात जोडून म्हणाल्या, “प्याली गं प्याली!” प्याले मी. माझा तळ भिजला तो भिजलाच. श्रावणात वाळणार कसा?

त्यानंतर काही दिवसांनी आवाज सुरू झाले. गल्लीला तो एकच वाटला. माझ्या पोटात मात्र दोन होते. एक कोरडा, बारीक, पिपाणीसारखा. धामणीच्या डोळ्यांवर निळसर साय आली होती, कातडी मळकी झाली होती. कात टाकायची वेळ आली की जुनी कातडी नाकपुड्यांवर अडकते आणि श्वास शिट्टी वाजवतो. दुसरा आवाज ओला होता. हुक्का गुडगुडावा तसा, आणि तो नाकातून नव्हे तर खोलातून येत होता. तेव्हा ती मान उंच करून तोंड उघडायची. पहिला आवाज भिण्याजोगा नव्हता. दुसरा होता.

मल्लाप्पानं फर्मान काढलं, “रोगी जनावर घरात नको. उद्या नाल्यापल्याड सोडतो.”

“ह्या पावसात? मरंल ती.”

“मग काय औषध पाजू?”

अंजनीनं मला कान लावला. बराच वेळ लावला. “अवो, आपल्या पोराच्या नाकात शेंबूड वाळला की अशीच शिट्टी वाजती. हिची कात निघूदे. आवाज गेला तर कातीचा. न्हाय गेला, तर तुम्ही म्हनाल तसं.”

मल्लाप्पानं कात निघेपर्यंत थांबायचं कबूल केलं. पण झाकणावर त्यानं वरवंटा ठेवला. आता दिवेलागणीलाही सुटका नाही. आत ती तोंड घासत फिरत राहिली. शेवटी तिला ती मोडकी चिवाटी सापडली. अंजनीला टोचलेली, तीच. तिच्यावर तिनं ओठाची कड अडकवली, आणि पायातला मोजा उलटा निघावा तशी कात निघाली. डोळे लख्ख झाले. शिट्टी थांबली.

अंजनीनं झाकण काढलं. “गेला की आवाज!” ती हसली, आणि तेवढ्यात आतून गुडगुड आली. तिचं हसू गेलं. मल्लाप्पा तिला न्यायला पिशवी आणायला वळला.

अंजनीनं धामणीला उचललं, रिकाम्या मला नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. “थांबा. ह्या बुट्टीलाच आंबूस वास येतोय. तळ ओला गच्च. रोग हितनं लागलाय!” दाराशी राजाबाई होत्याच. अंजनी त्यांना म्हणाली, “आक्का, पंचमीचं दूध!”

“मी तर एकच वाटी ओतली,” राजाबाई पुटपुटल्या.

“व्हय. गल्लीतल्या समद्यांनी एकच वाटी ओतली.”

मल्लाप्पानं पिशवी खुंटीला परत अडकवली. धामण आता चुलीमागं, कोरड्या मडक्यात, तोंडाला फडकं बांधून. चार दिवस होऊन गेले, ती मेलेली नाही आणि घरात दुसरं कुणी घरघरत नाही. पण रोग होता, हे राजाबाईंचं खरंच निघालं. तेवढं त्या सगळ्यांना सांगतात. वाटीचं मात्र सांगत नाहीत.

आणि मी? मला चुलीत घालायचं ठरलंय. पण ओली लाकडं धूर करतात, म्हणून वाळायला मडक्याशेजारीच ठेवलंय. एकाच उबेला आम्ही दोघी वाळतोय. तिची गुडगुड रोज थोडी कमी होते, आणि मी रोज थोडी हलकी होते. ती बरी होईल तोवर मीही जळण्याजोगी होईन. माझी तक्रार नाही. बायांनो, एवढंच ऐका. पुढच्या पंचमीला त्या मडक्याला लांबूनच हात जोडा. आणि जमलंच, तर पाऊस सरल्यावर भाताच्या बांधावर त्याचं फडकं सोडा.