फक्त पाहण्यापुरतं

चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर चार, पण ऑर्डरींची फाइल एकच. ती चारही टेबलांवर एकदम उघडी असते, आणि बाळंतपणाच्या रजेवरून मी परत आले तेव्हा लक्षात आलं की येताजाता कुणाचाही हात लागून लोकांचे नंबर बदलतायत. शाळेतल्या एका बाईंना भलत्याच नंबरचा चष्मा गेला आणि त्या जिन्यावरून पडता पडता वाचल्या, तेव्हा सर थेट माझ्या टेबलापाशी आले, कारण कारखान्यात कॉम्प्युटरचं जे काही बिघडतं ते माझंच असतं.

"मॅडम, याला कुलूप लावा. ज्याचं काम त्याने करावं, बाकीच्यांनी नुसतं बघावं."

"बघावं आणि गप्प बसावं," आतून काच घासणारे काका ओरडले. "म्हणजे आमच्या घरच्यासारखंच!"

मी हो म्हणाले. नाही म्हणायला मला कधी जमलेलंच नाही, आणि त्यात सकाळी चिमणीला वन्संच्या हवाली करून निघताना ती रडली नव्हती, हे दिवसभर मनात कुसळासारखं टोचत होतं. पोर रडलं तर माझा जीव तुटतो, न रडलं तर आणखीच तुटतो. दिवसभर माझ्या नणंदेच्या कडेवर राहून लेक हळूहळू तिचीच होऊन जाईल, ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. दाखवली असती तर सगळे हसले असते, आणि त्यांचं बरोबरही असतं.

काम किचकट निघालं. पासवर्डच नसल्यामुळे आजवर आम्ही सगळेच नकळत एका सर्वाधिकाऱ्याच्या नावाने फाइलमध्ये शिरत होतो. मी प्रत्येकाला वेगळं नाव दिलं, वेगळा पासवर्ड दिला, नावांचे गट पाडले, ऑर्डरी भरणारे, बदलणारे, नुसत्या पाहणारे, आणि मग त्या जुन्या सर्वाधिकाऱ्याचे सगळे हक्क काढून घेऊन मोठ्या ऐटीत स्वतःच्या नावाने आत गेले. नंबर स्वच्छ दिसत होते. एकावर गेले, कळ दाबली. काही उमटलं नाही. पुन्हा दाबली. स्वतःला मी पाहणाऱ्यांच्या गटात टाकून ठेवलं होतं, आणि हक्क परत देऊ शकेल असं आता कुणीच उरलं नव्हतं.

"किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलंत की, ताई!" काका म्हणाले, आणि उरलेली दुपारभर, मी कळा बडवत असताना, तेच वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले.

संध्याकाळी वैतागून घरी पोचले तर चिमणी स्वेटरात घामाघूम. मी तो काढला, खुर्चीवर टाकला, हात धुवून आले, तर स्वेटर तिच्या अंगात.

"वन्सं, आत्ताच काढला होता ना मी?"

"कधी गं? आल्यापासून नुसती बघत उभी आहेस तिच्याकडे." त्यांनी भराभरा बटणं सोडली, आणि त्यांनी काढलेला स्वेटर मात्र निघाला तो निघालाच.

दमले असेन, असं म्हणून मी केळं कुस्करलं आणि तिला भरवायला बसले. ती आ करायची, गिळायची, पुन्हा आ करायची. किती वेळ असं चाललं होतं कोण जाणे, पण वाटी काठोकाठ तशीच होती, आणि एकाएकी पोरगी भुकेने कळवळून रडायला लागली. वन्संनी माझ्या हातातून वाटी घेतली. बघता बघता तिचा तळ दिसला.

"रागावणार नसशील तर सांगते," त्या म्हणाल्या. "जीव आहे गं तुझा तिच्यावर. पण हात नाही."

चिमणी माझ्याकडे बघून हसत होती; ओळख होती, नाही असं नाही. कपाळावर आलेली तिची बट मी बाजूला सारली. ती पुन्हा कपाळावरच होती. पुन्हा सारली. मी सारतच राहिले, शेवटी वन्संनी माझा हात हळूच दूर केला.

दुसऱ्या दिवशी सर माझ्याआधीच येऊन बसले होते. "फाइलची एखादी जुनी प्रत असेल ना कुठे?"

होती. रजेवर जाण्याच्या शेवटच्या दिवशी, धापा टाकत, मी सगळी फाइल एका डिस्कवर उतरवून ठेवली होती. त्यानंतर ते कुणालाच सुचलं नव्हतं. त्या प्रतीला कुलपं नव्हती. तिच्यात सगळ्यांना सगळे हक्क होते.

"पण सर, त्यानंतरचं सगळं जाईल."

"जाऊ द्या. मधलं पुन्हा भरू."

डिस्क लावली तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: या तारखेनंतरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? बोट तसंच थांबलं. मी शिकलेली बाई आहे, फाइलचा आणि पोराचा काही संबंध नसतो हे मला कळतं. तरी आधी घरी फोन करावा, चिमणीचा आवाज ऐकावा, असं वाटलं. मग ती काठोकाठ भरलेली वाटी आठवली आणि डोकं सणकलं. पुरे झालं हे नुसतं पाहणं. मी हो दाबलं.

फाइल उघडली. पहिल्याच ऑर्डरीतला नंबर मी खोडला, नवा टाकला, बंद करून पुन्हा उघडून पाहिला, नवाच होता. आनंदाने सरांना हाक मारणार इतक्यात काका चहा घेऊन आले.

"बसा, बसा, उठू नका ताई, इथेच ठेवतो. या दिवसांत सारखी ऊठबस नको."

"कुठल्या दिवसांत?" मी हसत विचारलं. काका चपापले, खाली बघत कप ठेवून निघून गेले.

घरी फोन लावायला मी पुढे वाकले, आणि टेबलाची कड पुढे आलेल्या पोटाला टेकली.