दमलेल्या कढईच्या चॉकलेट वड्या

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे आणि आता दमले आहे. माझा एक कान ढिला झाला आहे. बूड मधोमध फुगल्यामुळे शेगडीवर ठेवली की मी डुगडुगते. घासून घासून अंग झिजले, काठाला पोचे आले. एवढे झाल्यावर दमण्याचा हक्क मला आहे, असे मला वाटते.

मी ॲल्युमिनियमची. आमच्याकडे त्याला जर्मन म्हणतात. मोडकी पातेली आणि चेपलेले डबे वितळवून मला वाळूच्या साच्यात ओतले, कानशीने घासले आणि जबलपूरच्या सदर बाजारात एका भांड्यांच्या दुकानात दोरीला टांगले. तीन महिने मी तिथे धूळ खात होते. मग एका दुपारी एक नवे जोडपे आले. मुरलीधर रांझीजवळच्या कारखान्यात फिटर होते आणि हेमलता लग्न होऊन महिन्यापूर्वीच अमरावतीहून आली होती. मुरलीधरांना हलकी, स्वस्त कढई हवी होती. हेमलताने मला दोन्ही हातांनी उचलून तोलून पाहिले आणि म्हणाली, "हीच घ्या. जड आहे, पण बूड जाड आहे. खाली लागणार नाही काही."

त्या वेळी तिच्या हातात काय ताकद होती! मी तिच्या हातात उड्या मारत गेले म्हणा ना.

रांझीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी पुरण आटवले, शिरा भाजला, पाटोड्यांचे बेसन घोटले. सराट्याचा, म्हणजे तुमच्या उलथण्याचा, मार सकाळ-संध्याकाळ खाल्ला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कढईने मार खाल्ला नाही तर घराने काय खायचे?

चॉकलेटच्या वड्या मात्र पुढे आल्या. हेमलताची मुलगी विनता नऊ वर्षांची होती. सदरमधल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने फज नावाचा पदार्थ खाल्ला आणि घरी येऊन हट्ट धरला. "आई, तसंच बनव ना! मऊ होतं एकदम, खोव्यासारखं!" घरात ओव्हन नव्हता आणि फज म्हणजे काय ते हेमलताने पाहिलेही नव्हते. पण वडी थापणे तिला कोणी शिकवायला नको होते. तिने दोन वाट्या साखर माझ्यात घातली, साखर भिजेल इतके पाणी ओतले आणि पाक करायला ठेवला. दुसरीकडे दुधाची पावडर आणि कोको एकत्र करून दोनदा चाळले. पाकाला एक तार आली तशी तिने मला खाली उतरवले, लोण्याचा गोळा सोडला आणि चाळलेली पावडर मुठीमुठीने टाकत घोटू लागली. भाजणे नाही, भट्टी नाही. वीस मिनिटांत मिश्रणाने माझ्या कडा सोडल्या. तूप लावलेल्या थाळीत ओतून तिने वर वाटी फिरवली, कोमट असतानाच सुरीने रेघा मारल्या आणि तासाभराने वड्या सुटल्या.

ऐकायला किती सोपे! सगळे तसेच म्हणत, "सोपं तर आहे, भाभीजी." पण पावडर पडली की मिश्रण चिखलासारखे जड होते आणि हात थांबला की गाठी होतात. ते जडपण सराट्यातून खांद्यापर्यंत कसे चढते, ते फक्त तिला आणि मला ठाऊक होते.

आता मुरलीधरांबद्दल सांगते. माणूस वाईट नाही. कडक शिस्तीचा आणि हत्यारांवर जीव टाकणारा. दर सतरा सप्टेंबरला कारखान्यात विश्वकर्मा पूजा होत असे. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा आणि दिवसभर सुट्टी. मुरलीधर घरीही पाटावर लाल कापड अंथरून नट आवळायचे पाने, कानस, हातोडी, छिन्नी मांडत. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. सायकलही यंत्रच, म्हणून ते त्या दिवशी बसने जात. एका वर्षी नेमका त्याच दिवशी नळ गळायला लागला, तर त्यांनी पान्याला हात लावला नाही. "आज त्यांचा आराम आहे," म्हणाले. संध्याकाळपर्यंत बादल्या उचलल्या हेमलताने.

एका वर्षी त्यांनी पूजेच्या प्रसादाला डबाभर चॉकलेट वड्या नेल्या. झाले! सेक्शनमध्ये तारीफ झाली आणि पुढच्या वर्षीपासून तो रिवाजच पडला. प्रसाद शिळा चालत नाही, म्हणून वड्या त्याच दिवशी पहाटे उठून करायच्या. आधी एक थाळी होती, मग दोन झाल्या, मग तीन. तीन थाळ्या म्हणजे मला तीनदा चढायचे आणि हेमलताला तीनदा घोटायचे. यंत्रे माळा घालून बसलेली आणि आम्ही दोघी घामाघूम. वीस-बावीस वर्षे हे चालले. वड्यांची तारीफ रात्री घरी यायची, ती ऐकायची मुरलीधरांच्या तोंडून. मी तोवर मोरीत पाकाने चिकटलेली, पाणी भरून पडलेली असे. मला वाईट वाटे, पण त्याहून वाईट तिच्याकडे पाहून वाटे. ती हसून "हो का?" म्हणे आणि डाव्या हाताने उजवा खांदा दाबत राही.

मुरलीधर निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी तिचा तो खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. स्वतःची वेणी तिला घालता येईना. शेजारच्या सरोजिनीबाई येऊन घालून द्यायच्या. दवाखान्यात डॉक्टरांनी बजावले की वजन उचलायचे नाही, घोटायचे-मळायचे नाही, नाहीतर हात कायमचा अडकेल. मुरलीधर समोरच बसले होते. त्यांनी मान डोलावली.

पूजेच्या आदल्या दिवशी ते दूध पावडरीची चार पाकिटे घेऊन आले.

"अगं, या वर्षी चार थाळ्या कर," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मी रिटायर. हे शेवटचंच समज. सेक्शनमधला रामराव कालच म्हणून राहिला होता, भाभीजी के हाथ की बर्फी के बिना पूजा नहीं होती."

 हेमलताने पाकिटे फळीवर ठेवली, तीही डाव्या हाताने. मला धडकी भरली. चार थाळ्या! माझे सोडा, मी धातू आहे. हिचा हात कायमचा गेला म्हणजे?

सकाळी मुरलीधर आंघोळ करून, हत्यारे मांडून, फुले आणायला बाहेर पडले. हेमलताने मला फळीवरून ओढून उतरवले. आता गॅस पेटणार, असे मी धरूनच चालले होते. पण तिने मला चिंच लावून घासले, पदराने पुसले, बाहेरच्या खोलीत नेले आणि त्या लाल कापडावर, हातोडी आणि कानशीच्या मधोमध ठेवले. सराटा माझ्या शेजारी ठेवला. मग बोट भिजवून माझ्या कपाळाला, म्हणजे काठाला, कुंकू लावले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुंकू पहिल्यांदा लागले. मला रडता आले असते तर मी रडले असते.

मुरलीधर फुले घेऊन आले आणि थबकले.

"हे काहून ठेवलं इथं? वड्या झाल्या?"

"नाही."

"नाही म्हणजे? सव्वाआठची बस आहे माझी!"

"हे माझं हत्यार आहे," हेमलता म्हणाली. आवाज चढला नव्हता, थकलेला होता. "आज हत्याराला हात लावत नाहीत ना? तुम्हीच तर म्हणता दरवर्षी."

ते हसले. तिची थट्टा चालली आहे, असे त्यांना वाटले. "अगं, पण तिथं सगळे वाट पाहून राहिले असतील. रामरावला काय सांगू मी?"

"सांगा, भाभीजी का हाथ नहीं उठ रहा." तिने उजवा हात वर न्यायचा प्रयत्न केला. तो खांद्यापाशीच थांबला. "हे पाहा. एवढाच जातो. तुमची कानस गंजू नये म्हणून तुम्ही तिला तेल लावून कापडात गुंडाळता. मला काहून नाही विचारलं कधी?"

मुरलीधरांनी माझ्याकडे हात नेला. मला उचलून आत नेणार होते बहुतेक. पण कुंकू लावलेल्या हत्याराला त्यांचा हात लागेना. त्यांनी तो मागे घेतला.  मग खाली बसून एकेका हत्यारावर फूल ठेवू लागले. पान्यावर, छिन्नीवर, कानशीवर. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी सगळ्यात मोठा झेंडू निवडला. त्या दिवशी सेक्शनला कोपऱ्यावरच्या दुकानातले पेढे गेले आणि विश्वकर्मा काही रागावला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते स्वतः वड्या करायला माझ्यासमोर उभे राहिले. हेमलता खुर्चीत बसून सांगत होती. फिटर माणूस, वाट्या अगदी काठोकाठ मोजल्या. पण एकतारी पाक बघता बघता दोनतारी झाला आणि त्यांनी पावडर टाकली तीही एकदम. दहा मिनिटे घोटल्यावर त्यांनी हात बदलला. पंधराव्या मिनिटाला सराटा ठेवून ते खाली बसले.

"हात भरून आला," ते हळूच म्हणाले. मग तिच्याकडे न बघता विचारले, "तीन-तीन थाळ्या करायची तू?"

"पुढचं घोटा," ती म्हणाली. "दगड होऊन राहिला."

दगडच झाला. सुरी चालेना, तेव्हा मुरलीधरांनी छिन्नी आणि हातोडी आणली. हेमलता इतकी हसली की खांदा दुखला आणि दुखता दुखता ती रडलीही. मुरलीधर हातोडी बाजूला ठेवून तिच्याजवळ बसले. "चुकलंच माझं," म्हणाले. मग तिचा खांदा चोळत राहिले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. तिचा हात पूर्ण वर जात नाही, पण वेणी ती स्वतः घालते. मी माळ्यावर असते आणि क्वचित कधी खाली येते.

मित्रांनो, भांडी जपून वापरा, घासून वेळेवर जागेवर ठेवा, हे मी सांगायलाच हवे, कढई आहे ना मी! पण माझी फार काळजी करू नका. मी मोडले तर वितळवून पुन्हा ओततील. तुमच्या घरी कोणी वडी, लाडू, शिरा घोटत असेल तिच्यापाशी जा. ताट पुढे करण्याआधी म्हणा, "दे ना, थोडं मी घोटतो." ती "राहू दे" म्हणेल. ते ऐकू नका.