चौथी उडी

“दोघं चाललात, दोघं या. एकटाच आला तर दार उघडायची नाही मी.”

लहानपणी दोघे भाऊ टॉवेल खांद्यावर टाकून पोहायला पळत सुटायचे आणि आई उंबऱ्यातून मागून ओरडायची. कधी ओरडायची, कधी नुसतं गुणगुणायची. तिच्या ओव्या तिच्याच होत्या, कुणाकडून मागून आणलेल्या नव्हत्या.

दिले पाण्याला मी लेक, जशी ओंजळीत फुलं
पाणीबाई गं मोजून, माझी परत दे मुलं

बाप गेल्यापासून ती पाण्याशी असं गोडीगुलाबीनं बोलायची. बाप पट्टीचा पोहणारा. छातीएवढ्या पाण्यात, भर दुपारी, ना ओरडला ना त्यानं हात वर केला. नुसता खाली बसला. पाण्यानं नेलं, असं लोक म्हणाले. इतका पोहणारा माणूस पाण्याला सापडलाच कसा, हे कुणी विचारलं नाही.

आज थोरल्याच्या कानात आईचा तो आवाज सकाळपासून होता. जागतिक स्पर्धेतली पुरुषांची फ्रीस्टाइल रिले, अंतिम फेरी. शर्यतीआधी पोहणाऱ्यांना बसवून ठेवतात ती कॉल रूम म्हणजे तलावाच्या पोटातली एक बिनखिडकीची खोली. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, गार फरशी, कोपऱ्यात आवाज बंद केलेला पडदा. वरच्या गर्दीचा घोष भिंतीतून झिरपत यायचा, जसा घरात शेजारच्यांच्या भांडणाचा आवाज येतो, शब्दांवाचून.

“इथं फ्रीज आहे की खोली?” बोका कुडकुडत म्हणाला. पहिली उडी त्याची. पाण्याचा राग यावा इतका थंडीला भिणारा आणि पाण्यात पडला की सुसाट, म्हणून तो बोका.

“नियमाप्रमाणे इथलं तापमान…” दुसऱ्या क्रमांकाच्या वकिलानं सुरुवात केली. तो खरा वकील नव्हता. वाद घातल्याशिवाय त्याला घास उतरत नसे, एवढंच.

“नियम तुझ्या चड्डीत घाल. ब्लँकेट दे इकडे.”

तिसरा थोरला आणि चौथा बारक्या, त्याचा धाकटा भाऊ. संघातला सगळ्यात वेगवान, म्हणून शेवटची उडी त्याची. एरवी अशा वेळी तो बोक्याची शेपटी ओढल्याशिवाय राहिला नसता. आज तो दोन्ही पंजे काखेत दाबून बसला होता. थोरला त्याच्याकडे सरकला.

“आज झालं का?”

“काय?”

“वेड पांघरू नकोस.”

बारक्यानं पडद्याकडे बघत ओठ हलवले. “सकाळी सरावाला. जरासं. पाखरू येऊन गेलं, बसलं नाही.”



हे पाखरू त्यानं दोनदा पाहिलं होतं. सराव शिबिरात पहिल्यांदा झालं, तेव्हा बाकीचे नाश्त्याला गेले होते. वेगात येता येता बारक्या मधेच सैल पडला आणि दोरीवरून निसटलेल्या सदऱ्यासारखा पाण्याखाली पसरला. थोरल्याला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग केसाला धरून त्याला वर काढलं. शुद्धीवर येताच बारक्या हसला होता. “छातीत पाखरू फडफडलं, दादा. मग दिवाच गेला.”

दुसऱ्यांदा तो हसला नाही. ओल्या हातांनी थोरल्याची मनगटं धरून म्हणाला, “कोचना सांगितलंस तर संपलं माझं. आयुष्यभर काठावर बसवतील मला. आईची शपथ आहे तुला.” शपथ घातली आणि रडला. स्पर्धेआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी त्याला आडवं झोपवलं, तर ती लबाड छाती शहाण्यासारखी ठोके देत राहिली.

सकाळच्या फेरीत राखीव पोहणारा बारक्याच्या जागी पोहला होता. अंतिम फेरीची नावं देईपर्यंत थोरल्याला तोंड उघडता आलं असतं. कोच हातात पेन घेऊन समोर उभे होते. “चौथा बारक्याच ना?” त्यांनी विचारलं, आणि शब्द थोरल्याच्या दातांपर्यंत येऊन परत फिरले. तो म्हणाला, “हो.”

दाराशी कोच दिसले. त्यांना आत यायची परवानगी नव्हती. उंबऱ्याबाहेरूनच मान आत घालून ते म्हणाले, “पोरांनो, आपण इथवर आलो, हे घरी कुणाला खरं वाटत नाहीये. उडीत घाई नको. येणाऱ्या हातावर भरवसा ठेवा.”

“दादाच्या हाताकडे मी बघत पण नाही,” बारक्या म्हणाला. “तो येतोच.”

ते खरं होतं. रिलेत पुढचा माणूस हात भिंतीला लागण्याची वाट बघत बसत नाही. येणाऱ्याचे शेवटचे हात ओळखून तो आधीच झुकतो, हात भिंतीला टेकतो तेव्हा त्याचं अंग उडीच्या ठोकळ्यापुढे हवेत असतं, फक्त पायाची बोटं मागं उरतात. बारक्या तर थोरल्याचा खांदा पाण्यावर दिसला की डोळे मिटूनही झेपावला असता. लहानपणापासून तो असाच त्याच्या मागे उडी घेत आला होता.

वर आले तेव्हा दिव्यांखाली तलाव इतका निश्चल होता की त्यावर पाय ठेवून चालावंसं वाटलं. थोरल्याला ते आवडलं नाही. इतकं शांत पाणी काहीतरी लपवून बसल्यासारखं वाटतं.

भोंगा वाजला. बोका सुटला. मग वकील, एरवी वाद घालणारा, आज चकार शब्द न काढता पाणी कापत गेला. दोघांनी संघाला तिसऱ्या जागी आणून ठेवलं. लोक उभे राहिले. थोरला ठोकळ्यावर चढला आणि त्यानं चढता चढता मागे पाहिलं. बारक्या उजव्या हाताचा पंजा छातीवर पसरून उभा होता. भुकेलं मूल थोपटावं तसं तो छातीला थोपटत होता.

वकिलाचा हात आला. थोरला पाण्यात होता.

पाण्याखाली गर्दी विझते. तळाची काळी रेघ आणि स्वतःचा श्वास, एवढंच उरतं. थोरला असा कधीच पोहला नव्हता. वळण घेतलं तेव्हा शेजारचा मागे पडलेला दिसला. दुसरी जागा! पदक आता हाताच्या अंतरावर होतं आणि प्रत्येक हातागणिक तो आपल्या भावाला त्या उडीजवळ ओढत नेत होता. वेग वाढवावा तर त्याला लवकर ढकलणं होतं. कमी करावा तरी तो उडी घेणारच. भरवशानं घेणार.

श्वास घ्यायला मान वळली तेव्हा दिव्यांचे पट्टे, तोंडं, मग पाणी. पुन्हा पाणी. बाजूच्या दोरीचे मणी आतापर्यंत पांढरे-निळे होते, ते सलग लाल झाले. भिंत जवळ आल्याची ती खूण. आणखी दोन हात मारले की बारक्या झुकणार, तिसऱ्याला हवेत असणार. मग त्याला कुणाचा बाप थांबवू शकला नसता.

थोरल्यानं हात पुढे टाकला नाही.

त्यानं दोरी धरली आणि डोकं वर काढलं.

बारक्या ठोकळ्यावर अर्धा वाकलेला, हात मागून पुढे येता येता हवेतच अडकलेले. तोल जाता जाता त्यानं ठोकळ्याची कड पकडली. शेजारून एकामागून एक अंगं पाण्यात पडली. त्यांच्या लाटांनी थोरल्याला दोरीवर आपटलं.

“दादा! ये ना! हात लाव!” बारक्या किंचाळला. “काय करतोयस? दादा!”

“मेल्या, हात लाव!” बोका गुडघ्यांवर बसून पाणी बडवत होता. “तीन हात राहिलेत रे!”

थोरला हलला नाही. बाकीच्या संघांचे शेवटचे पोहणारे जात होते, वळत होते, परत येत होते. सगळ्या तलावात एकच ठोकळा भरलेला होता आणि त्यावरच्या माणसाचे पाय कोरडे होते.

शर्यत संपली. घोष ओसरला. कोच अडथळ्यावरून उडी मारून, दोघा पंचांना चुकवत काठावर आले.

“पेटका आला ना? पायात? पोटरीत का?” त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाजात माया होती. “असू दे, असू दे. होतं असं. उद्याच्या शर्यतीला बारक्या आहे, परवा आहे…”

बारक्या ठोकळ्यावरून खाली वाकला होता. त्याचे डोळे थोरल्याच्या डोळ्यांत. “हो म्हण,” तो हलकेच म्हणाला. “दादा, पेटका म्हण ना.”

किती सोपं होतं. मान हलवायची आणि वर यायचं. कुणी दोष दिला नसता, उलट खांद्यावर टॉवेल टाकला असता. आणि उद्या बारक्या एकटाच पाण्यात उतरला असता, पुढे कुणाचाही हात नसताना.

“पेटका नाही आला, सर.” थोरल्याला आपला आवाज दुसऱ्याचा वाटला. “पाय ठणठणीत आहेत. मी मुद्दाम थांबलो.”

“दादा, शपथ आहे!”

“माहीत आहे मला.” त्यानं बारक्याकडे पाहिलं, मग कोचकडे. “हा पाण्यात बेशुद्ध पडतो, सर. दोनदा मी त्याला केसाला धरून काढलंय. आज सकाळीही त्याचं काळीज फडफडलं. आमचा बाप पट्टीचा पोहणारा होता आणि तो बुडून मेला नाही. त्याचंही हेच झालं असणार.”