वहिनीचं डोकं

औषधांच्या दुकानात वीस वर्षं उभी राहिलेली वहिनी नणंदेच्या अॅक्युपंक्चरला हसायची. "तू टोचत बस, मी विकत बसते," म्हणायची. पण मायग्रेनने तिला सळो की पळो करून सोडलं, तेव्हा एका दुपारी ती मुकाट्याने नणंदेच्या दवाखान्यात येऊन पडली.

भिंतीवर तक्ता होता: पाठदुखी, गुडघेदुखी, मायग्रेन, मळमळ.

"एवढं सगळं बरं करतेस?"

"बरं करते असं कुठे लिहिलंय? काहींना आराम पडतो, काहींना नाही." नणंदेने भुवयांमध्ये, मानेला, अंगठ्याजवळ केसासारख्या बारीक सुया टोचल्या. "आता हलू नकोस हं."

नणंद बाहेर गेली आणि वहिनीची चुळबुळ सुरू झाली. दुकानातला फ्रिज नीट लावला का? ती नवी पोरगी चिठ्ठी धड वाचेल का? पायाची बोटं आपोआप हलत होती. पर्स शेजारच्या खुर्चीवर होती. तिने हात लांबवला, सुई लागली, कळ आली आणि पर्स धपकन खाली पडली.

आवाजाने नणंद धावत आली. फरशीवर डोकेदुखीच्या गोळ्यांची तीन पाकिटं. दोन रिकामी.

"दिवसाला किती घेतेस?"

"दुखलं तर एखादी."

"वहिनी."

"पाच. कधी सहा."

"आणि गिऱ्हाइकांना काय सांगतेस?"

"आठवड्यातून दोनदाच घ्या. नाहीतर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं." उताणी पडल्यामुळे डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं.

नणंद रागावली नाही. एकेक सुई काढत म्हणाली, "सुया मी टोचेन. पण आधी डॉक्टर. उद्याच. मी येते बरोबर."

डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा वहिनीने घर डोक्यावर घेतलं. उलट्या, येरझाऱ्या, कपाटांची आदळआपट. सहाव्या दिवशी नवऱ्याने चहा विचारला, तर तिने कपच भिरकावला. मग तुकडे गोळा करता करता तिने त्याला गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं.

तो केरसुणी घेऊन तिच्या शेजारी उकिडवा बसला. "रोज डोकं दुखतंय म्हणायचीस. मला वाटायचं, तुला माझा कंटाळा आलाय," तो म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात डोकं रोज दुखायचं थांबून महिन्यातून चार-पाचदाच दुखू लागलं. श्रेय सुयांचं की गोळ्या सोडल्याचं, यावर नणंद-भावजयींचं अजून एकमत नाही.