शिजत्या खुबानीच्या वासाचा चाफा

विद्यानगरच्या एकनाथरावांनी आयुष्यात एकही चाफा विकत घेतला नाही. फांदी मागून आणायची, सावलीत टाकून तिचा चीक सुकू द्यायचा, तेलाच्या रिकाम्या डब्यात खोचायची आणि देणाऱ्याचं नाव झाडाला ठेवायचं, असा त्यांचा रिवाज. त्यामुळे गच्चीवर भलतीच गंमत चाले. "नामदेवराव वाकलेत, त्यांना काठी लावा," "मीनाला यंदा कळ्याच नाहीत, रुसली काय की," असं ते मोठ्यानं बोलत आणि रस्त्यावरून जाणारा माणूस चपापून वर बघे. दर्ग्याच्या मुजावरानं दिलेला लाल गुलचीन, म्हणजे चाफाच, 'मियाँसाब' म्हणून मधोमध ऐटीत उभा होता. स्मशानातलं झाड घरात कशाला, असं कोणी म्हटलं की एकनाथराव उखडत. "देवाला चालतं ते तुम्हाला चालत नाही होय? मोठे लागून गेलात!"

मागणाऱ्यानं द्यायचंही असतं, हे त्यांना मान्य होतं. एखादं झाड मेलं तर ज्याला फांदी दिली त्याच्याकडून परत आणता येतं, म्हणून ते सढळ हातानं वाटत. अपवाद फक्त एका झाडाचा. उषाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लग्नानंतर उदगीरच्या माहेराहून त्याची फांदी ट्रंकेत साड्यांखाली घालून आणली होती. संसाराच्या गडबडीत ती तिथंच विसरली, कितीतरी दिवसांनी सापडली, आणि तरीही बेटी जगली! फिकट केशरी फूल आणि वास थेट शिजत्या खुबानीचा, म्हणजे जर्दाळूचा. शेजारचे हिम्मतराव दर उन्हाळ्यात ती फांदी मागत आणि एकनाथराव दर उन्हाळ्यात "पुढच्या साली बघू" म्हणत. उषाबाई नुसत्या हसत. त्या वारल्यावर तर त्या झाडाकडे कोणी निरखून बघितलं तरी हे मध्ये येऊन उभे राहत.

पुढे त्यांच्या सुधीरचं लग्न झालं आणि पुण्याची तेजश्री सून होऊन आली. कुकटपल्लीत कंप्युटर कंपनीत नोकरी, दाराशी कंपनीची बस, पगार नवऱ्याहून जास्त. शहरात तेव्हा गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघाले होते आणि जुनी घरं पाडून अपार्टमेंटं उठत होती. एकनाथरावांना त्यातलं फारसं उमगत नसे, पण पोरगी गुणाची होती. आल्या आल्या तिनं सगळ्या झाडांची नावं पाठ केली. उषाबाईंचं केशरी फूल तिनं केसात माळलं तेव्हा म्हाताऱ्याला इतकं बरं वाटलं, की ते उगाचच मियाँसाबांवर खेकसले.

थंडीत ते महिनाभर बहिणीकडे नांदेडला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "झाडं सांभाळ गं पोरी." थंडीत चाफा पानं टाकून झोपतो, तेव्हा त्याला थेंबभर पाणी नको असतं, हे सांगायचं राहूनच गेलं. बिचाऱ्या तेजश्रीनं ते उघडेबोडके सोट पाहिले आणि झाडं वाळून चालली असंच तिला वाटलं. मग काय, बस यायच्या आधी रोज सगळ्यांना पाणी! सासूबाईंच्या झाडाला एक तांब्या जास्त.

एकनाथराव परतले, पिशवी खाली ठेवायच्या आधी गच्चीवर गेले. उषाबाईंच्या झाडाच्या बुंध्याला अंगठा लावला तर तो आत रुतला. "पाणी घालायला कोणी सांगितलं होतं?" हे त्यांचं ओरडणं अख्ख्या गल्लीनं ऐकलं. बाकीच्या झाडांचे शेंडे कापले तर पांढराशुभ्र चीक आला, तेवढी वाचली. उषाबाईंच्या झाडाला ते वरून खाली कापत गेले, पण आत सगळं तपकिरी. चिकाचा टिपूस नाही.

"बाबा, ज्यांना फांदी दिली असेल त्यांच्याकडून आणू या ना," तेजश्री रडत म्हणाली.

"हिची कोणाला दिलीच नाही," म्हणून ते खाली निघून गेले.

पुढचे काही महिने घरात जेवणं झाली, बोलणं झालं नाही. तेजश्री ताट वाढायची, ते खालमानेनं जेवायचे. तिच्यावरचा राग केव्हाच विझला होता. स्वतःचा राग येत होता, आणि तो कोणाला सांगणार?

ऐन उन्हाळ्यात एके संध्याकाळी तेजश्री ऑफिसातून आली ती धापा टाकतच. तिनं रिकामा जेवणाचा डबा त्यांच्यापुढे उघडला. आत एक फिकट केशरी फूल होतं. "आमच्या ऑफिसजवळ एका गॅलरीखाली पडलं होतं, बाबा."

एकनाथरावांनी वास घेतला आणि ताडकन उठले. "चोर! माझ्या झाडाची फांदी तोडून नेली कोणीतरी. उद्या रविवार आहे ना? चल, दाखव मला ते घर!"

दुसऱ्या दिवशी तावातावानं त्यांनी कुकटपल्लीतल्या त्या फ्लॅटची बेल दाबली. दार उघडलं ते सत्यवतीनं. ही पूर्वी त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहत असे.

"आओ, आओ अन्नय्या! एकनाथराव को देखने आये क्या? इस साल भौत फूले जी!"

"कौन एकनाथराव?"

"तुम्हारा झाड!" ती त्यांना गॅलरीत घेऊन गेली. झाड नखशिखांत फुललं होतं. "हम घर छोड़े ना, तब उषा अक्का दिये. बोले, हमारे घरवाले दिये बोलके समझो. तुम्हारे घर का रिवाजच है ना, जो दिया उसका नाम. हिम्मतराव साब को भी दिये. उनके बाथरूम के पीछू है."

"मग तो दर साली मागतो कशाला?" एकनाथराव मराठीतच ओरडले.

"तुमकू शक नै आना बोलके!" सत्यवती खुदकन हसली. तेजश्रीलाही हसू आवरेना.

एकनाथराव मात्र गॅलरीतल्या स्टुलावर मटकन बसले. त्यांनी मूठ आवळली होती, आणि बायकोनं त्यांच्याच नावानं वाटून टाकलं होतं. इतकी वर्षं लोकांनी त्यांना दिलदार मानलं, ते तिच्या जिवावर. "काय बाई होती गं," ते म्हणाले आणि सुनेसमोर घळाघळा रडले.

सत्यवतीनं सुरी आणून दिली. फांदी कापताच बोटांवर पांढरा चीक ओघळला. त्यांनी तो पुसलाही नाही. फांदी तेजश्रीच्या हातात दिली. "ही तू लाव. पाणी कधी घालायचं ते मी सांगेन."

तिनं मान डोलावली. मग त्यांनी दुसरी कापली.

"ही कोणाची, बाबा?"

"तुझ्या आईला पाठव पुण्याला."

तेजश्रीनं ती रुमालात गुंडाळली. "तुम्ही दिलीत म्हणून सांगते. म्हणजे तिकडेही एकनाथराव."

"नको," ते म्हणाले. "उषानं दिली म्हणून सांग."