मोटर अजून चालू आहे

मुठीएवढं पोलादी तारेचं वेटोळं. दाबलं की दबतं, सोडलं की उठतं.

अंगणात उभी गाडी. मागच्या सीटवर उशी, दोन रजया, लोकरीचे मोजे. काचा आतून गोठलेल्या.

दातांची डॉक्टर म्हणते, "मी दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते. बंद कर म्हणायची वेळ आज पहिल्यांदा आली."

भिंतीवर एक गोल खटका, त्याच्याभोवती आकडे. टिकटिकतोय.

"निकाल कुठे आहे?"
"छत्तिसाव्या स्लाइडवर."

*

या शेवटच्या दोन ओळींपासून सांगते, कारण सगळं तिथून बिघडलं.

मार्च महिना, फिनलंडमधलं तांपेरे शहर, आमच्या विभागाची सेमिनारची खोली. मी माझ्या पदवीच्या प्रबंधाचं सादरीकरण करत होते. वेळ वीस मिनिटं, आणि मी अडतीस स्लाइड घेऊन गेले होते. आधी आभार. मग अनुक्रमणिका. मग घर गरम करणाऱ्या पंपांचा इतिहास, मग कंपनांची समीकरणं. समीकरणांमध्ये मी पुरती बुडालेली असताना राइमोने हात वर केला. राइमो म्हणजे माझे प्राध्यापक, पण आमच्याकडे प्राध्यापकालाही नावानेच हाक मारतात आणि अरेतुरेच करतात.

"साइमी, वेळ संपली."

"अजून थोडंच राहिलंय."

"निकाल कुठे आहे?"

मी सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

नंतर कॉफीच्या यंत्रापाशी तो म्हणाला, "प्रबंध चांगला आहे. पण हे मला माहीत, कारण मी वाचलाय. आत्ता जे उठून गेले ना, त्यांना विचार जा, तू नक्की काय केलंस ते."

"विचारू?"

"नको. तुला वाईट वाटेल." त्याने कपात साखर ढवळली. "पुन्हा सादर करायला एप्रिलअखेर एक जागा आहे. ती हुकली की मग सप्टेंबर."

सप्टेंबर मला परवडणार नव्हता. वासा शहरातल्या एका पंप कारखान्यात जूनपासून नोकरी ठरली होती, आणि त्यांची अट एकच होती: पदवी हातात हवी.

निकाल शेवटी का ठेवलास, असं मला सगळ्यांनी विचारलं. खरं उत्तर साधं आहे. आमच्या घरी कुणी स्वतःची आरती स्वतःच ओवाळायला लागलं, की आई खिडकीबाहेर बघायची. बाहेर बर्फाशिवाय काही नसायचं, तरी बघत राहायची. मी निकाल जितका लांब ढकलता येईल तितका ढकलला होता. इतका, की तो खोलीच्या बाहेर गेला.

*

काढून टाकलेली स्लाइड: आभार.

*

हिल्क्कामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. दातांची डॉक्टर. तिच्या इमारतीच्या तळघरातला सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, गुरुवारी संध्याकाळी तासभर तिचा असतो.

"ऐकते की तुझं भाषण," ती म्हणाली, "पण सौनात. आणि तो कंप्युटर आणू नकोस. तूही शिजशील आणि तोही."

म्हणून मी वरच्या बाकावर, अंगावर नुसता घाम, हात रिकामे, सुरू झाले.

"सर्वप्रथम मी माझ्या मार्गदर्शकांचे..."

मावशीने भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. वाफेची लाट कानांवर येऊन आदळली.

"झाले आभार. पुढे."

"या सादरीकरणाचे पाच भाग..."

पुन्हा डाव.

"मावशी, हा छळ आहे!"

"छळाचा परवाना आहे माझ्याकडे, भिंतीवर लावलाय. पुढे बोल."

मी वरच्या बाकावरून मधल्यावर उतरले, मधल्यावरून खालच्या. समीकरणं संपेनात. तेव्हाच तिने ते तोंड बंद करायचं वाक्य टाकलं. मग स्वतःच्या कपाळावरचा घाम निपटून म्हणाली, "पण हे सगळं आहे तरी कशाबद्दल?"

"भिंतीवर बसवलेल्या पंपाची घरघर भिंतीतून शेजारच्या घरात जाते. ती अडवायला खाली रबर घालतात. पण कडाक्याच्या थंडीत रबर ताठरतं, आणि नेमका तेव्हाच पंप सगळ्यात जोरात चालतो. म्हणून मी रबराऐवजी पोलादी तारेची वेटोळी बसवली."

"आणि?"

"आणि काय?"

"थांबली का घरघर?"

"हो."

"मग मला एवढा वेळ का उकडवलंस गं?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात भिंतीवरचा गोल खटका शून्यावर आला. टक. भट्टी बंद झाली आणि तिच्याबरोबर हवा खेचणारा पंखाही.

आम्हा दोघींचे खांदे एकदम खाली आले. मावशीने लांब श्वास सोडला, डोळे मिटले, डोकं भिंतीला टेकवलं. मीही तेच केलं.

"मावशी, आत्ता काय झालं?"

"काय व्हायचंय? बरं वाटलं."

"कशाने?"

तिने एक डोळा उघडला, छताकडे पाहिलं. "पंखा होता का चालू? मी वीस वर्षं येतेय इथे. कधी ऐकू आला नाही."

"ऐकू येत होता. आपल्याला माहीत नव्हतं इतकंच."

"बरं. आता टॉवेल घे, पुढच्या पाळीची माणसं दारात उभी असतील आणि लाजून ठोठावणार नाहीत."

*

काढून टाकलेली स्लाइड: पंपांचा इतिहास. त्याबरोबरच्या सहा.

*

आता गाडी.

वेटोळी खऱ्या घरावर बसवून बघायला मी जाहिरात दिली होती, तेव्हा एकच उत्तर आलं होतं: रांगेतल्या घरांपैकी एका घरातली बाई. शेजाऱ्याचा पंप दोघांच्या मधल्या भिंतीजवळ होता. तिच्या झोपायच्या खोलीत भिंत रात्रभर घुमायची. दोन हिवाळे ती अंगणातल्या गाडीत झोपली.

"शेजाऱ्याला सांगितलं नाहीस?" मी विचारलं होतं.

"काय सांगणार? पंप चांगलाय त्याचा. आणि आमची बोलाचाली नाही."

"भांडण झालंय?"

"छे गं! ओळख नाही."

"किती वर्षांचा शेजार?"

"तो राहायला आला तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. आता तिची पोरं शाळेत आहेत."

शेवटी त्याची बेल मीच वाजवली. तो पायात मोजे घालून दारात आला, सगळं ऐकून घेतलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "मला वाटायचं," तो म्हणाला, "तिला गाडीत बसून रेडिओ ऐकायला आवडतं. म्हणून मी त्या बाजूला बघायचोच नाही." त्याने लगेच पंपाखाली वेटोळी बसवू दिली.

अडतीस स्लाइडमध्ये ही बाई कुठेच नव्हती. एका माणसाची झोप आलेखावर बसत नाही, म्हणून.

सौनातून आल्यावर ओले केस पुसत मी तिला फोन केला.

"गाडीचं सांग हवं तर," ती म्हणाली. "नाव नको."

"नाही घेणार."

इथेही घेत नाही.

*

काढून टाकलेली स्लाइड: समीकरणं. (एक ठेवलं. राइमोसाठी.)

*

एप्रिल. तीच खोली.

मी लवकर गेले आणि मागच्या लाकडी कपाटाला दोन सारख्या मोटरी बसवल्या. एक सरळ पेचांनी आवळलेली, दुसरी चार वेटोळ्यांवर. पहिली सुरू केली. कपाट घुमायला लागलं. फार मोठ्याने नाही. मग मी पुढे जाऊन उभी राहिले, तळव्यांचा घाम पँटला पुसत.

लोक आले. कॉफी ओतली, खुर्च्या ओढल्या. कुणीही विचारलं नाही, हा आवाज कसला. मला खात्री होती, विचारणार नाहीत. पण एक मुलगी भुवया चोळत होती, आणि राइमो नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत बोलत होता. त्याला स्वतःला ते कळत नव्हतं.

कुणी उठून मोटर बंद केली तर? कुणाला काहीच जाणवलं नाही तर? तर मी एका कपाटापाशी उभी राहिलेली वेडी मुलगी, आणि समोर सप्टेंबर.

"मी साइमी," मी म्हणाले, आणि हातातली कळ दाबली.

पहिली मोटर थांबली.

खोलीभर खांदे खाली आले. तिसऱ्या रांगेतून कुणाचा तरी श्वास ऐकू आला. भुवया चोळणाऱ्या मुलीचा हात मांडीवर उतरला. राइमोने मागे वळून कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत्ता तुम्हाला जे वाटलं," मी म्हणाले, "ते माझं काम. निकाल असा, की तारेच्या वेटोळ्यांनी हे उणे पंचवीस अंशांतही जमतं. रबराला जमत नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

पुढचं सोपं गेलं. गाडीतल्या बाईची गोष्ट सांगितली. रेडिओपाशी सगळे हसले, पण जरा खाली बघून. आमच्यातल्या प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी असा एक रेडिओ न विचारताच मानून घेतलेला असतो. मग थंडीत रबराचं काय होतं ते, मग वेटोळ्यांची मोजमापं, मग राइमोचं एक समीकरण. स्लाइड सहाच होत्या.

प्रश्न विचारायचं काम यान्ने नावाच्या वर्गमित्राकडे होतं. तो चिरफाड करण्यात पटाईत.

"पहिली मोटर तू सरळ पेचांनी आवळलीस. गोठलेलं रबरसुद्धा इतकं वाईट नसतं. ही फसवणूक नाही का?"

"थोडी आहे," मी म्हणाले. "खरा फरक यापेक्षा कमी आहे. तो पाचव्या स्लाइडवर आहे, थंड खोलीत मोजलेला. दोन्ही रेषा एकाच आलेखात."

त्याने आलेख पुन्हा बघितला. बराच वेळ. मग "ठीक," म्हणून वहीत काहीतरी खरडलं.

"आणखी एक," मी म्हणाले. "पहिली मोटर थांबवणाऱ्या कळीनेच दुसरी सुरू झाली होती. एक बंद, एक सुरू. ती अजून चालू आहे."

राइमो उठला, खोलीच्या मागे गेला, मोटरीवर तळवा ठेवला. उचलला. कपाटावर ठेवला. पुन्हा मोटरीवर.

"थरथरतेय," तो म्हणाला, जणू कुणीतरी त्याच्याशी पैज लावली होती.

मग त्याने कान कपाटाला लावला. पन्नाशीचा प्राध्यापक, सगळ्यांसमोर. यान्नेही उठला आणि रांगेत उभा राहिला.

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी राइमो म्हणाला, "बरं होतं." त्याच्या तोंडून हे शब्द ऐकल्याशिवाय पदवी घेऊन गेलेले लोक आहेत. तो दोन पावलं गेला आणि मागे वळला. "वासातल्या कारखान्याला कळव. सप्टेंबर नाही."

मी जिन्यातच बसले. जिना थंड होता आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. मावशीला फोन लावला. तिच्या मागे कुणीतरी तोंड उघडं ठेवून गुळण्यांसारखा आवाज काढत होतं.

"झालं?"

"झालं."

"किती स्लाइड?"

"सहा."

"मग गुरुवारी ये. गप्प बसायला."

"येते."

"थांब हं," ती मला म्हणाली, आणि मग पेशंटला, "तुम्ही नाही, तुम्ही उघडंच ठेवा."

*

ती बाई फेब्रुवारीपासून स्वतःच्या पलंगावर झोपत होती.