धुण्याचा दगड

चौसष्ट प्लॉट, एकसष्ट घरं, तीन मोकळ्या जागा. दोन मंदिरं, एक पिठाची गिरणी. नऊ बोअर, त्यातले चार कोरडे. कडुनिंबाची सतरा झाडं आणि एक बदाम. पूर्वेला सहा फूट उंच भिंत, लांबी दोनशे अकरा फूट. भिंतीपलीकडच्या धनगरवस्तीचा रकाना बद्रीनाथने अजून कोराच ठेवला होता.

चिकलठाण्याच्या कारखान्यांत लागलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेल्या या कॉलनीला यंदा पन्नास वर्षं होत होती. तिचा इतिहास लिहायचं काम त्याच्याकडे आलं, कारण अध्यक्ष काकासाहेब हे त्याचे वडील आणि तो नुकताच स्वित्झर्लंडहून एम.एस्सी. करून परतलेला. "तिकडच्यावानी लिही," ते म्हणाले होते. "घरटी माहिती, नकाशा, जुने फोटो."

तिकडचं म्हणजे झुरिकमधल्या त्याच्या मोहल्ल्याचं. तिथं अकरा बिऱ्हाडांत तळघरात एकच धुलाईघर होतं. भिंतीवर वारांचा तक्ता असायचा. आपली पाळी संपली की मशीन कोरडं पुसायचं आणि चावी शेजारच्या दारात नेऊन द्यायची. दोन वर्षं ती चावी हातात आली की बद्रीनाथला आपण इथलेच आहोत असं वाटायचं. त्या मोहल्ल्याने आपल्या इतिहासाची एक पुस्तिका काढली होती. बेकरी, कारंजं, ट्रामचा पहिला थांबा, सगळं तिच्यात होतं. आणि चाळिसाव्या पानावर होतं: इटलीहून आलेल्या मजुरांच्या बराकी, एकशे बारा माणसं, नळ दोन. धुलाईघराची चावी त्यांना आपण कधीच दिली नाही.

ते पान वाचताना त्याला आठवायची सुगंधाबाईंची न्हाणी.

सहा वर्षांपूर्वी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, बद्रीनाथने महापालिकेला गल्ली मोकळी करून मागणारा एक अर्ज लिहिला होता. कॉलनीच्या नकाशात पूर्वेच्या हद्दीबाहेर बारा फुटांची गल्ली दाखवली होती. ड्रेनेजची लाइन तिथूनच जायची होती. त्याने भिंतीपासून बारा फूट मोजले. त्या बारा फुटांत वस्तीतल्या सुगंधाबाईंचा ओटा आणि न्हाणी आली. अर्जासोबत त्याने आकृती जोडली, मापं इंचापर्यंत दिली. आठवडाभरात जेसीबी येऊन दोन्ही पाडून गेला. "पोराचं गणित पक्कं हाय," काकासाहेब गावभर सांगत होते.

कोरा रकाना भरायला तो शेवटी वस्तीत गेला. सुगंधाबाई दारात लोकर पिंजत बसल्या होत्या. ओट्याच्या जागी मातीचा ढीग होता आणि अंघोळीला चार काठ्यांना लुगडं गुंडाळलेलं.

"या साहेब," त्या म्हणाल्या. "आज टेप नाय आणला? आता तर लुगडंच उरलंय मोजायला."

"मावशी, माहिती लिहायला आलोय. वस्ती कधीपासून आहे?"

"तुमच्या कॉलनीच्या लई आधीपासून. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेल्यावर मोजणीवाले आले, तवा माझ्या सासऱ्यानं, केरबानं, त्यांच्यासंगं हद्दीचा दगड रोवला. काळा, डोक्यावर फुली काढलेला. दगडाच्या इकडं गायरान, तिकडं शेतं."

"कुठंय तो?"

त्या हसल्या. "तुझी माय त्याच्यावरच धुणं आपटती की."

बद्रीनाथचा पेन वहीवरच थांबला. "मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू विचारलं व्हतं का? टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात दिलं व्हतंस. मावशी, भिंतीला घट्ट धरा म्हणलास. मी धरलं. म्हणलं शिकलेला पोरगा हाय, मापात चुकायचा नाय."

त्याला ते आठवलं. हिरवा टेप, त्यांचा अंगठा, आणि "थँक यू मावशी" म्हणणारा आपला आवाज. प्रयोगशाळेत काटा आधी शून्यावर आणल्याशिवाय त्याने कधी ग्रॅमभर मीठही तोललं नव्हतं. इथं मात्र हद्दीच्या दगडाऐवजी भिंतीलाच शून्य धरून मोकळा झाला होता.

बद्रीनाथचं घर कॉलनीचं शेवटचं, चौसष्ट नंबरचं, पूर्वेच्या भिंतीला लागून. मागच्या अंगणात नळाखाली आई, वच्छलाबाई, धुणं धूत होती. त्याने तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि नारळाच्या शेंडीने दगडावरचा साबणाचा थर घासला. फुली वर आली. दगडाला धक्का दिला, तो हलला नाही.

"नाय हलायचा," आई हलकेच म्हणाली. "तुझ्या आजोबांनी दोनदा पहारीनं उपटायला बघितला. निघंना, म्हणून वर नळ घेतला."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

तिने पिळलेला शर्ट पुन्हा पिळला.

काकासाहेब बाहेर आले. दगडाकडं पाहून त्यांनी नजर काढून घेतली. "हे पुस्तकात घ्यायचं नाय."

"अण्णा, न्हाणी माझ्या अर्जानं पडली."

"पडली ना? मग झालं. पंधरा दिवसांवर कार्यक्रम आलाय. पाहुण्यांसमोर बापाची इज्जत घालवतो का?"

"तुम्हाला पण माहीत होतं."

"भिंत मी बांधली, बद्री. मला नाय माहीत तर कुणाला?" आणि मग, आवाज उतरवून, "तुला तवा सांगायला पायजे व्हतं. तू असा खुशीत आकृती काढत बसला व्हतास."

बाप निदान जाणूनबुजून चुकला होता. आपण तर खात्रीने चुकलो होतो, मापं इंचापर्यंत देऊन.

कपाटातून तोच हिरवा टेप काढून तो वळसा घालून वस्तीत गेला.

"मावशी, टोक धरायला याल का?"

सुगंधाबाई लोकर झटकून उठल्या. भिंत झाल्यापासून त्या अंगणात आल्या नव्हत्या. वच्छलाबाईंनी बादली उचलून वाट दिली. काकासाहेब दारात उभे होते, पण त्यांनी अडवलं नाही.

सुगंधाबाई खाली बसल्या. टेपचं टोक फुलीवर ठेवून त्यांनी अंगठ्यानं घट्ट दाबलं. बद्रीनाथने टेप भिंतीपर्यंत ताणला. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं. मग त्याने वही उघडली आणि पूर्वेच्या हद्दीसमोर लिहिलं:

दगडावरच्या फुलीपासून भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत, चौदा फूट तीन इंच.